गच्चीवरची टाकी, खालचा पंप आणि मधली वायर: मायक्रोकंट्रोलरचं आपसातलं बोलणं पक्कं कसं करायचं

नवी मुंबईत नेरूळ, वाशी, सानपाड्याच्या जुन्या सोसायट्यांत पाण्याची रचना जवळजवळ सारखीच असते. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते घराघरांत उतरतं. पंप कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे मात्र वॉचमनच्या आठवणीवर चालतं. त्याला दुसरं काम लागलं की एक तर गच्चीवरची टाकी वाहते आणि मोरबे धरणातून इतक्या लांबून आलेलं पाणी गटारात जातं, नाहीतर खालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरतो.

हे काम तीन छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर (एका चिपमधल्या छोट्या संगणकांवर) होण्यासारखं आहे. एक गच्चीवर, एक खालच्या टाकीशी आणि एक पंपरूममध्ये. सेन्सर वाचणं आणि रिले (विजेनं चालणारा स्विच) ओढणं हा यातला सोपा भाग, तो कुठेही शिकायला मिळतो. अवघड भाग आहे तो सात मजल्यांच्या अंतरावरचे हे बोर्ड मोटरच्या शेजारून जाणाऱ्या वायरीवर, भर पावसाळ्यात, वर्षानुवर्षं एकमेकांशी खात्रीनं कसे बोलतील हा. हा लेख फक्त त्याच भागाबद्दल आहे. माझं आग्रहाचं म्हणणं एकच: वायर सोलण्याआधी बोलण्याचे नियम कागदावर लिहा. ते नीट लिहिलेले असले की पुढची बहुतेक दुरुस्ती मीटर हातात घेऊन होते. नसले, तर प्रत्येक बिघाड गूढ वाटतो.

आधी बस निवडा

बस म्हणजे बोर्ड ज्या सामायिक वायरींवर बोलतात ती जोडणी. आर्डुइनो उनो किंवा ईएसपी३२ या बोर्डांवर तीन प्रकारच्या सीरियल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) जोडण्या तयार मिळतात: आय-टू-सी, एसपीआय आणि यूएआरटी.

आय-टू-सी फिलिप्स कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच उपकरणाच्या आतल्या चिपांसाठी काढली. दोनच वायर, प्रत्येक चिपला ७ बिटांचा पत्ता, नेहमीचा वेग १०० किंवा ४०० किलोहर्ट्झ. या वायरी खाली ओढायचं काम चिप करते, पण वर उचलायचं काम पुल-अप रेझिस्टर करतो, त्यामुळे वायरीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढली की सिग्नल वर चढायला उशीर लागतो. नियमानं पूर्ण बसची मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. नेटवर्क केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड धरली, तर ८ मीटरमध्ये मर्यादा संपते, म्हणजे दोन-अडीच मजले. गच्ची राहिली दूरच. एका डब्यातल्या एका पट्टीवर डिस्प्ले आणि घड्याळाची चिप जोडायला आय-टू-सी उत्तम, इमारत ओलांडायला नाही.

एसपीआय वेगवान आहे, पण चार वायर लागतात आणि प्रत्येक नव्या बोर्डासाठी निवडीची आणखी एक. शिवाय क्लॉक, म्हणजे बिटांचा ताल देणारा सिग्नल, मास्टरचा (बोलणं सुरू करणाऱ्या बोर्डाचा) असतो. समोरचा मायक्रोकंट्रोलर दुसऱ्या कामात असला तरी क्लॉक त्याच्यासाठी थांबत नाही. मेमरी कार्डासाठी ती ठेवा.

उरते यूएआरटी. तिला क्लॉकची वायर लागत नाही आणि तिचे बिट आरएस-४८५ च्या जोडवायरीवर चढवले की अंतराचा प्रश्न सुटतो. आरएस-४८५ हे १९८३ चं प्रमाण आहे. कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जातं आणि एका लाइनवर ३२ प्रमाणित भार चालतात. आपल्या सात मजल्यांसाठी हे भरपूर आहे. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत मीटर, ड्राइव्ह आणि पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) ज्या मॉडबस आरटीयू पद्धतीनं बोलतात, तीही बहुधा याच जोडवायरीवर चालते.

टेबलावर एक बाइट ओळखीचा करून घ्या

केबल टाकायच्या आधी दोन बोर्ड टेबलावर शेजारी ठेवा. एकाची टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला), दुसऱ्याची टीएक्स पहिल्याच्या आरएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला. ग्राउंड राहून गेलं तर कधी चालेल, कधी नाही, आणि तसं अर्धवट चालणं पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त छळतं.

एक बोर्ड उनो आणि दुसरा ईएसपी३२ असेल तर थांबा. उनोची पिन ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची आहे. उनोच्या टीएक्सपासून १ किलोओहम, पुढे २ किलोओहम ग्राउंडला आणि दोहोंच्या मधून ईएसपी३२ ची आरएक्स. ५ व्होल्टचे तिथे ३.३ होतात. उलट दिशेला, ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट उनो 'एक' म्हणून ओळखतो, तिथे काही लागत नाही.

आता ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) ७० हा आकडा एका बाइटमध्ये पाठवा. मोकळी लाइन 'एक'वर असते. आधी ती एका बिटापुरती शून्यावर येते, हा स्टार्ट बिट. मग आठ बिट जातात, पण सर्वांत लहान बिट आधी. ७० म्हणजे ६४, ४ आणि २, म्हणून वायरीवर क्रम दिसतो ०, १, १, ०, ०, ०, १, ०. शेवटी स्टॉप बिट, पुन्हा 'एक'. प्रत्येक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, पूर्ण बाइट साधारण १.०४ मिलिसेकंदांत. आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर हे सगळं पडद्यावर दिसतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सामान आणणार असाल तर सेन्सरच्या आधी हे यंत्र यादीत लिहा. न दिसणाऱ्या गोष्टीवर तर्क करत बसायची वेळ त्यानं वाचते.

दोन्ही बाजूंचा वेग जुळला पाहिजे, पण तंतोतंत नाही. घेणारी चिप स्टार्ट बिटाच्या उतरणीपासून मोजायला लागते आणि प्रत्येक बिट मध्यावर वाचते. शेवटचा बिट वाचेपर्यंत चूक अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे दोन घड्याळांतला एकूण फरक जेमतेम ५ टक्के. व्यवहारात प्रत्येक बाजू २ टक्क्यांच्या आत ठेवावी. १६ मेगाहर्ट्झचा उनो ९६०० बॉड ०.२ टक्के चुकीनं देतो, पण ११५२०० ला ती चूक २.१ टक्क्यांवर जाते. क्रिस्टल नसलेली सुटी एटीमेगा३२८पी चिप आतल्या घड्याळावर चालवलीत तर कारखान्यातून आलेली चूक १० टक्क्यांपर्यंतही असू शकते, मग कचरा अक्षरं येणारच. पाण्याची पातळी सेकंदाला एकदा कळली तरी पुष्कळ. इथे ९६०० च्या वर जायचं कारण नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. उनोची एकुलती एक यूएआरटी यूएसबीशीही जोडलेली असते, त्यामुळे ० नंबरच्या पिनेवर वायर असताना प्रोग्रॅम चढत नाही. चढवताना ती काढा, नंतर लावा. पंपरूमच्या मास्टरसाठी मी ईएसपी३२ सुचवतो. त्यात तीन यूएआरटी आहेत: एक यूएसबीला, एक बसला आणि तरी एक शिल्लक.

निरोपाचा साचा कागदावर

बाइट पोचला म्हणजे निरोप पोचला असं नाही. घेणाऱ्याला निरोप कुठे सुरू झाला, कोणासाठी आहे, कोणाचा आहे, किती लांब आहे आणि वाटेत बिघडला का, एवढं कळलं पाहिजे. म्हणून मी हा साचा वापरतो:

सुरुवातीची खूण १७०, मग कोणाला, कोणाकडून, क्रमांक, प्रकार, माहितीची लांबी, प्रत्यक्ष माहिती आणि शेवटी तपासणीचा बाइट.

पत्ते ठरवू: पंपरूम १, गच्ची २, खालची टाकी ३. प्रकार १ म्हणजे 'पातळी सांग' आणि प्रकार १६ म्हणजे 'ही घे पातळी'. गच्चीवरच्या टाकीत १३५० मिलिमीटर पाणी आहे. एका बाइटमध्ये २५५ च्या वर मावत नाही, म्हणून १३५० चे दोन भाग: ५ वेळा २५६ आणि वर ७०. मोठा भाग आधी पाठवायचा, हेही कागदावर लिहा. पूर्ण उत्तर असं जातं:

१७०, १, २, ३७, १६, २, ५, ७०, १०६

यातला ३७ हा मास्टरनं विचारताना लावलेला क्रमांक आहे, उत्तरात तो जसाच्या तसा परत येतो. शेवटचा १०६ कुठून आला ते पुढे सांगतो.

मिलिमीटर आणि पूर्णांकच का? दशांश अपूर्णांक पाठवायची गरज नाही आणि त्यातून वाद वाढतात. प्रोग्रॅममधलं स्ट्रक्चर उचलून तसंच बाइटरूपात वायरीवर टाकायचा मोहही टाळा. उनोवर साधा इंट २ बाइटांचा, ईएसपी३२ वर ४ बाइटांचा आहे, आणि ईएसपी३२ चा कंपायलर मध्ये रिकाम्या जागाही सोडतो. दोन उनोंमध्ये सुरळीत चाललेला प्रोग्रॅम एक बोर्ड बदलताच कोसळतो तो इथेच. प्रत्येक बाइट आपल्या हातानं वेगळा करून पाठवा आणि हातानंच जोडून घ्या.

सेन्सरनं माप दिलं नाही तर काय पाठवायचं हेही आताच ठरवा. मी ६५५३५ ही संख्या 'माप नाही' यासाठी राखून ठेवतो. शून्य पाठवू नका. शून्याचा अर्थ टाकी रिकामी, आणि त्यावर पंप सुरू होतो.

तपासणीचा बाइट: साधी बेरीज का नको

बऱ्याच ठिकाणी शेवटी सगळ्या बाइटांची बेरीज लावलेली दिसते. वरच्या निरोपात खुणेनंतरच्या सात बाइटांची बेरीज होते १३३. आता मोटर सुरू होताना वायरीवर धक्का बसला आणि दोन बिट उलटले असं समजा: ५ मधला दोनचा बिट चढला, तो ७ झाला, आणि ७० मधला दोनचा बिट पडला, तो ६८ झाला. बेरीज? पुन्हा १३३. एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) करून पाहिलंत तरी उत्तर तेच. पण पातळी आता ७ वेळा २५६ अधिक ६८, म्हणजे १८६० मिलिमीटर. दोन मीटर खोल टाकीत १८६० ही अगदी पटण्यासारखी संख्या आहे. टाकी भरली समजून पंप बंद होईल आणि सकाळी सातव्या मजल्यावर नळाला पाणी नसेल.

म्हणून सीआरसी, म्हणजे बिटांच्या जागाही हिशेबात धरणारी तपासणीची संख्या. डॅलस कंपनीच्या वन-वायर चिपांत वापरला जाणारा ८ बिटांचा सीआरसी या कामाला पुरतो. रीत अशी: शून्यापासून सुरू करा. खुणेनंतरचा प्रत्येक बाइट चालू किमतीशी एक्सऑर करा. मग आठ वेळा: सर्वांत लहान बिट १ असेल तर किंमत एक बिट उजवीकडे सरकवून १४० शी एक्सऑर करा, नसेल तर नुसती सरकवा. सगळे बाइट संपल्यावर उरलेली किंमत म्हणजे सीआरसी.

वरच्या निरोपाचा सीआरसी येतो १०६. बिघडलेल्या निरोपाचा येतो ७१. पकडला. आपला निरोप खूण सोडून आणि सीआरसी धरून ६४ बिटांचा आहे, आणि एवढ्या लांबीत कुठलेही दोन बिट उलटले तरी हा सीआरसी ते पकडतोच. तुमचं फंक्शन बरोबर आहे का ते तपासायला ४९ ते ५७ हे नऊ बाइट द्या. उत्तर १६१ आलं पाहिजे. ही तपासणी दोन्ही प्रकारच्या बोर्डांवर स्वतंत्रपणे करा आणि मगच पुढे जा.

सीआरसी बरोबर आला तरी संख्या मर्यादेत आहे का ते पाहायचंच. २००० मिलिमीटरच्या टाकीत २४०० आले तर निरोप सुखरूप आहे, सेन्सर चुकतो आहे.

ऐकणाऱ्याची बाजू

नवशिक्या प्रोग्रॅमची नेहमीची रचना असते: १७० दिसले की पुढचे आठ बाइट येईपर्यंत थांब, मग उचल. यात दोन खड्डे आहेत.

पहिला, थांबण्याचा. एक बाइट हरवला तर बोर्ड त्याची वाट पाहत अडकतो आणि तेवढा वेळ बाकी सगळं बंद. दुसरा खड्डा जास्त फसवा. पातळी १४५० मिलिमीटर झाली की तिचे बाइट होतात ५ आणि १७०. माहितीच्या मधोमध सुरुवातीची खूण! ऐकणारा निरोपाच्या सुरुवातीपासून ऐकत असेल तर अडचण नाही. पण तो मधूनच ऐकायला लागला, उदाहरणार्थ नुकताच रीसेट झाला, तर त्या १७० ला तो नव्या निरोपाची सुरुवात समजतो आणि पुढचे सगळे निरोप एक पाऊल सरकून वाचत राहतो.

उपाय म्हणजे बाइट आला की आपण आता कुठे आहोत हे लक्षात ठेवून एकेक पाऊल टाकणारी रचना, स्टेट मशीन. स्थिती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा: खुणेची वाट पाहतो आहे, पत्ता घेतो आहे, लांबी घेतो आहे, माहिती घेतो आहे, सीआरसी घेतो आहे. मुख्य लूपमध्ये दर फेरीला आलेले बाइट उचलायचे, स्थिती पुढे न्यायची, आणि बाइट नसेल तर लगेच बाहेर पडून इतर कामं करायची. कुठेही वाट पाहत थांबायचं नाही.

त्यात तीन नियम घाला. लांबीचा बाइट ८ पेक्षा मोठा आला तर निरोप लगेच टाकून द्या, नाहीतर बिघडलेला एक बाइट २०० बाइट वाचायला लावेल आणि मेमरीच्या ठरलेल्या जागेबाहेर लिहून जाईल. उनोकडे सगळी मिळून २ किलोबाइट रॅम आहे. दुसरा नियम, दोन बाइटांमध्ये १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त शांतता गेली तर स्थिती पुन्हा सुरुवातीला आणा. ९६०० बॉडवर बाइट १ मिलिसेकंदात येतो, म्हणून १० ची शांतता म्हणजे निरोप तुटला. तिसरा, सीआरसी चुकला की निरोप मुकाट्यानं सोडा. 'पुन्हा पाठव' असं ओरडू नका, कारण तो निरोप आपल्यासाठीच होता याचीही आता खात्री नाही. १४५० चा प्रश्न या शांततेच्या नियमानंच सुटतो: चुकीच्या जागी सुरू केलेला निरोप पुढच्या मोकळ्या जागेत आपोआप मोडतो आणि ऐकणारा सरळ होतो.

कोणी कधी बोलायचं

जोडवायर एकच आहे. दोन बोर्ड एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष नाव पुकारतील त्यानंच बोलायचं, तीच शिस्त इथे हवी: मास्टर विचारेल, ज्याचा पत्ता आहे तोच उत्तर देईल, बाकीचे गप्प. गच्चीवरच्या बोर्डाला कितीही महत्त्वाचं सांगायचं असलं तरी त्यानं स्वतःहून तोंड उघडायचं नाही.

वेळेचा हिशेब करून पाहा. प्रश्न ७ बाइटांचा, ७.३ मिलिसेकंद. नोडनं (म्हणजे उत्तर देणाऱ्या बोर्डानं) उत्तरापूर्वी ३ मिलिसेकंद थांबावं, म्हणजे मास्टरला लाइन सोडायला अवधी मिळतो. उत्तर ९ बाइटांचं, ९.४ मिलिसेकंद. सगळं मिळून २० मिलिसेकंदांच्या आसपास. मास्टरनं प्रश्न संपल्यापासून ५० मिलिसेकंद वाट पाहावी आणि पुढच्या नोडकडे वळावं. सेकंदाला एकदा दोघांना विचारलं तरी लाइन बहुतेक वेळ मोकळीच राहते.

यात नोडची एक जबाबदारी आहे: प्रश्न आल्यावर मोजायला बसायचं नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सरचा प्रतिध्वनी परत आला नाही, तर आर्डुइनोचं पल्सइन फंक्शन मूळ सेटिंगमध्ये पूर्ण एक सेकंद अडून राहतं. तोवर मास्टर पुढे गेलेला असतो आणि हे उशिराचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर आदळतं. पल्सइनला ३० मिलिसेकंदांची मर्यादा घाला, मास्टरची वाट पाहण्याची वेळ ५० वरून १०० करा, आणि मोजमाप आपल्या लयीत करून ताजा आकडा जवळ ठेवा. प्रश्न आला की तो द्यायचा. एवढं करूनही एखादं उत्तर उशिरा आलंच, तर त्यातला क्रमांक जुना असतो आणि मास्टर ते ओळखून सोडतो. क्रमांकाचा बाइट त्यासाठीच घेतला.

आरएस-४८५ ची प्रत्यक्ष जोडणी

इथवर टेबलावर सगळं चाललं की मगच यूएआरटीचे बिट जोडवायरीवर चढवणारं मॅक्स४८५ चं मॉड्यूल हातात घ्या. उनोसाठी ५ व्होल्टचं मॅक्स४८५, ईएसपी३२ साठी ३.३ व्होल्टचं मॅक्स३४८५. दोन्ही एकाच लाइनवर बिनतक्रार बोलतात, कारण लाइनवर पाहिला जातो तो ए आणि बी या दोन वायरींमधला फरक: २०० मिलिव्होल्टच्या वर गेला तर एक, उलट दिशेला तेवढा गेला तर शून्य. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यानं बाहेरचा धक्का दोघींवर सारखाच बसतो आणि फरक तसाच राहतो. पिळलेली जोडी घ्या म्हणतात ते यासाठी. नेटवर्क केबलच्या चार जोड्यांपैकी एक ए-बीला द्या, दुसऱ्या जोडीच्या दोन्ही वायरी एकत्र करून ग्राउंडला. ए एका जोडीतून आणि बी दुसऱ्या जोडीतून घेतला तर पिळाचा काही उपयोग उरत नाही.

मॉड्यूलवर डीई आणि आरई या दोन पिना एकत्र बांधून बोर्डाच्या एका पिनेला द्या. ती पिन वर म्हणजे बोलणं, खाली म्हणजे ऐकणं. त्या पिनेला १० किलोओहम ग्राउंडला लावा. बोर्ड रीसेट होत असताना त्याच्या पिना अधांतरी असतात. हा रेझिस्टर नसेल तर सुरू होणारा एक बोर्ड सगळ्यांची लाइन अडवून बसू शकतो.

बोलून झाल्यावर पिन खाली आणायची घाई नडते. सीरियलच्या राइट फंक्शननं परत येणं म्हणजे बाइट फक्त बफरमध्ये पडला, वायरीवरून गेला असं नाही. लगेच पिन खाली ओढली तर निरोपाचं शेपूट कापलं जातं. सगळे निरोप येतात आणि प्रत्येकाचा सीआरसी चुकतो, अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहा. फ्लश फंक्शन शेवटचा बिट जाईपर्यंत थांबतं. आधी फ्लश, मग पिन खाली.

आता रेषेची मांडणी. लाइन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ गेली पाहिजे: गच्ची, मग पंपरूम, मग खालची टाकी. पंपरूमपासून तीन दिशांना फाटे काढू नका. लाइनच्या दोन टोकांना, म्हणजे गच्चीवर आणि खालच्या टाकीशी, ए आणि बीमध्ये १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. मधल्या मास्टरला नाही. बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर हा १२० ओहम बहुधा आधीच बसवलेला असतो, म्हणून तीन मॉड्यूल लावली की नकळत तीन होतात. तपासायला सगळ्यांची वीज बंद करा आणि ए-बीमध्ये मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आले तर दोन आहेत, बरोबर. ४० आले तर तिसरा कुठेतरी आहे, मधल्या मॉड्यूलवरचा काढा. १२० आले तर एका टोकाला लागलेलाच नाही किंवा मध्ये वायर तुटली आहे. केबल टाकल्यानंतरची ही पहिली चाचणी आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

आणखी एक जोडणी पुष्कळ जण सोडून देतात. कोणीच बोलत नसताना दोन्ही वायरी अधांतरी असतात, फरक जवळजवळ शून्य, आणि चिप त्यातून भुताटकीसारखे बाइट वाचते. पंपरूममध्ये ए ला ५६० ओहममधून ५ व्होल्ट आणि बी ला ५६० ओहममधून ग्राउंड द्या. लाइनच्या ६० ओहमवर मग २५० मिलिव्होल्ट उभे राहतात, २०० च्या वर, आणि मोकळी लाइन निश्चितपणे 'एक' वाचली जाते. हे एकाच ठिकाणी करायचं, प्रत्येक बोर्डावर नाही.

केबल पाण्याच्या पाइपांच्या डक्टमधून न्या, पंपाच्या थ्री-फेज केबलला बांधून नाही. दोघी एकमेकींना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या. गच्चीवर बंद, पाणी न शिरणारा डबा घ्या, केबल खालच्या बाजूनं आत घ्या आणि आत घेण्यापूर्वी तिला खाली झोल द्या म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून डब्यात न जाता तिथेच गळून पडतं. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेनं टर्मिनलवर हिरवट थर चढतो, सुट्या पिनांच्या जंपर वायरी तिथे टिकत नाहीत. स्क्रूचे टर्मिनल वापरा. विजेच्या गडगडाटासाठी गच्चीच्या टोकाला आरएस-४८५ साठीचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका सोसून घेणारा) हवा, आणि जमलं तर मास्टरकडे आयसोलेटेड (बोर्ड आणि लाइन विजेनं वेगळी ठेवणारं) मॉड्यूल घ्या. साध्या चिपला ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सोसतं.

रिलेच्या पुढचं काम, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) आणि पंपाची थ्री-फेज वायरिंग, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आपली हद्द रिलेच्या कॉइलपाशी संपते.

उत्तर आलं नाही तर

कोणत्याही नोडकडून सलग तीन वेळा उत्तर आलं नाही, सीआरसी चुकला किंवा ६५५३५ आले, तर पंप बंद आणि लाल दिवा चालू. जुना आकडा धरून पंप चालवत राहणं सर्वांत घातक, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून प्रत्येक पातळीसोबत ती कधी आली याची मिलिसेकंदांतली नोंद ठेवा आणि पाच सेकंदांपेक्षा जुन्या पातळीवर काही ठरवू नका. मास्टरचा वॉचडॉग टायमर चालू करा. तो अडकला तर स्वतः रीसेट होईल, आणि रीसेटमध्ये रिले सुटलेला राहील अशीच जोडणी करा.

पंपाचा हातानं लावायचा जुना स्विच काढू नका. स्वयंचलित आणि हातानं असा निवड स्विच शेजारी बसवा आणि वॉचमनला तो दाखवून ठेवा. रात्री दोनला लाल दिवा लागला तर त्याला पाणी चढवता आलं पाहिजे, प्रोग्रॅम कळायची गरज नाही.

बिघाडाचा माग

मास्टरमध्ये प्रत्येक नोडसाठी तीन मोजण्या ठेवा: उत्तर नाही, सीआरसी चूक, संख्या मर्यादेबाहेर. त्या यूएसबीवरून किंवा छोट्या डिस्प्लेवर पाहता आल्या पाहिजेत. तिन्हींची एकच बेरीज ठेवलीत तर काही कळणार नाही, वेगळ्या ठेवल्यात तर त्या बोट दाखवतात.

एकाच नोडचं 'उत्तर नाही' वाढतं आणि दुसरा ठणठणीत आहे, तर त्या नोडची वीज, पत्ता किंवा त्याच्याकडचं टर्मिनल पाहा. दोघेही एकदम गेले तर मीटर लावून ६० ओहम तपासा, मग बाकीचं. केबल टाकल्यापासून एकदाही काही आलं नाही तर ए आणि बी कुठेतरी उलटे जोडले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. वेगवेगळ्या कंपन्या या दोन अक्षरांचा अर्थही उलटसुलट छापतात, म्हणून एका टोकाला अदलाबदल करून पाहा, त्यानं काही जळत नाही. सीआरसीच्या चुका फक्त पंप सुरू असताना वाढल्या तर केबल मोटरच्या केबलजवळून गेली आहे किंवा बोर्डाचा ॲडॅप्टर मोटरच्याच फेजवर आहे. जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यात चुका वाढल्या तर गच्चीवरचा डबा उघडा. आणि मर्यादेबाहेरच्या संख्या वाढत असताना सीआरसी स्वच्छ असेल तर बसला हात लावू नका, सेन्सर पाहा. आत पाणी न शिरणारा जेएसएन-एसआर०४टी सेन्सर साधारण २० ते २५ सेंटीमीटरपेक्षा जवळचं मोजू शकत नाही, म्हणून तो भरलेल्या टाकीच्या पाण्यापासून निदान ३० सेंटीमीटर वर बसवावा लागतो.